कोटातून दिसलेले तारे

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे, नात्यातले, सगळे संगणकाच्या पडद्यावर वाकले होते. फोटोत घराची गच्ची, वर चांदण्यांचा सडा आणि कपड्यांच्या दोरीपाशी लांब कोटातली, एक हात वर केलेली आकृती. चेहरा पुसट. आणि तिच्या छातीतून चक्क तारे दिसत होते!

"कोट ह्यांचाच," सासूबाई पडद्याला नाक लावून म्हणाल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना तेवढंच ओळखू आलं होतं; ऑपरेशन तोंडावर आलं होतं. "गेल्यापासून पहिल्यांदाच आलेत गं." आणि त्यांनी डोळे पुसले.

फोटो सुनेनं काढला होता. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. हल्लीच एक जुना कॅमेरा घेतला होता आणि तारे टिपायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. स्टँड नव्हता, म्हणून उपडी बादली, बादलीवर वाळूची पिशवी आणि पिशवीवर कॅमेरा. असल्या थाटात आपल्या हातून मामंजी टिपले गेले, हे तिला काही केल्या पटेना.

तिच्या नवऱ्याला मात्र लगेच पटलं. त्यानं खोकरेबाबांना बोलावलं. बाबा आधी खोकत, मग परलोक बोले.

"खँ, खँ! हात वर केलाय. म्हणजे आत्मा थांबा म्हणतोय. डोळ्याला सुरी लावू नका! माझं मंतरलेलं पाणी घाला, सुईत दोरा ओवाल."

"ऐकलंस ना? ऑपरेशन रद्द," नवरा म्हणाला.

आणखी उशीर केलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुनेनं आधीचा फोटो उघडला. दोरीवर टॉवेल वाळत होता. भुताच्या फोटोत टॉवेलही आरपार. आणि त्यापुढच्या फोटोत टॉवेल गायब!

"बाबा, मामंजी टॉवेल न्यायला आले होते का हो?"

"परलोकात... खँ... सगळंच लागतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आई, त्या दिवशी टॉवेल कुणी काढला?"

"मीच की! तू टाकीमागे आभाळाकडे तोंड करून उभी होतीस. गारठा होता, म्हणून ह्यांचा कोट चढवून..." सासूबाई थबकल्या. "अगंबाई!"

"आत्मा कोटात शिरला होता!" बाबा घाईघाईनं म्हणाले.

"असं? मग या खुर्चीत बसा जरा. मी सांगितलं की उठून बाजूला व्हा."

सुनेनं पडदे ओढले, कोपऱ्यातला मिणमिणता दिवा तेवढा ठेवला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. थोड्या वेळानं बाबांना उठवलं. फोटो आला, तर बाबांच्या पोटातून खुर्चीची पाठ स्वच्छ दिसत होती.

"अरेरे, बाबा कधी वारले?" शेजारचे काका म्हणाले. या वेळी बाबांना खराखुरा खोकला आला, आणि खोकत खोकतच ते जिना उतरले.

"तारे टिपायचे तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो," सून म्हणाली. "तेवढ्यात कुणी येऊन गेलं, की तो माणूसही उमटतो आणि त्याच्यामागचं आभाळही. झालं भूत तयार!"

सगळे हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे ते आलेच नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

सून त्यांच्याजवळ बसली. "नाही हो, आई. तुम्ही होतात. त्यांची आठवण अंगावर घेऊन."

नवऱ्यानं मान खाली घातली आणि दवाखान्यात फोन लावला.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी आधी तो फोटो मागवला. "कोट तर खांद्यावर उसवलाय! इतके दिवस अशीच हिंडत होते का मी? आण गं सुई." आणि पहिल्याच फटक्यात त्यांनी दोरा ओवला.

आता कुणी चमत्काराची गोष्ट घेऊन आलं, की त्या एवढंच विचारतात, "ते राहू दे. आधी सांग, टॉवेल कुणी काढला?" तुम्हीही विचारत जा. हात काय, नंतरही जोडता येतात.