धवलारणीचा घसा

एक उशी.

सखुबाई आडवी झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सकाळी सातला नात कल्पिता लग्नाच्या अंघोळीला पाटावर बसणार, तेव्हा धवला, लग्नविधीचं गाणं, गायचा. आंबिवलीच्या या अंगाला लग्नाचे धवले तोंडपाठ असलेली धवलारीण आता ती एकटीच उरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजी, सातलाच जेवा, रात्री आंबट पाणी वर येतं तेच तुमचा घसा खातं. पण हळदीच्या जेवणाचं ताट आलं साडेअकराला, मटणाच्या रश्श्यासकट. "नको गं," म्हणाली, तर 'का नको' म्हणून सून स्वप्ना हसली.

"कला नको? आई, तुमी नय खाल्ला त बाया बोलतील, धवलारीन रुसली!"

खाल्लं.

दोन उशा.

छातीच्या मधोमध निखारा. ती डाव्या कुशीवर वळली. जरा निवला. डोळा लागतो न लागतो तोच घशात आंबट, तिखट, जळजळीत—

खोकला. पाणी. पुन्हा खोकला.

अंधारात तिनं पहिली ओळ म्हणून पाहिली. आवाज फुटक्या मडक्याचा. गेल्या महिन्यात विठ्ठलवाडीच्या लग्नात असाच बसला होता, आणि बाया तोंडाला पदर लावून—

अडीच वाजले.

तीन उशा. मग उशीच नको. भिंत. आडवंच व्हायचं नाही, म्हणजे पाणी वर चढणार नाही. झोपायचं नाही, सखू. झोपलीस तर



ऊन.

ऊन? पायांवर ऊन होतं. बाहेर धवला चालला होता, आणि गात होती सखुबाईच. तिचाच आवाज, स्पीकरमधून.

ती धडपडत मांडवात आली. कल्पिता पाटावर, अंगावरून पाणी निथळतंय. शेजारी नातू प्रितम मोबाइल घेऊन उभा.

"आजी, उठलीस कला? रातभर बसून होतीस. आता कुठं डोला लागलेला, मी बोललो झोपू दे म्हातारीला. जुनं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडं. मस्त वाजतंय ना?"

"बंद कर."

आवाज खणखणीत निघाला. बाया वळल्या.

"अगं, अर्धा झाला—"

"बंद कर म्हनते ना, मेल्या!"

स्पीकर थांबला. स्वप्नानं भटजींकडं पाहिलं, भटजींनी घड्याळाकडं. सखुबाईच्या छातीत पुन्हा जळायला लागलं होतं. किती ओळी टिकेल, देव जाणे. तिनं कल्पिताच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला, वर आलेलं आंबट गिळलं आणि धवला पहिल्या ओळीपासून धरला.