सर्वांत मोठ्या दिवशी मी धक्क्यालाच होते

मी एक जुनी शिडाची होडी आहे, जेमतेम सतरा फुटांची. मित्रांनो, होडी म्हटले की तुम्हाला लाकडाची होडी आठवेल, पण मी फायबरची आहे. तोक्योच्या पूर्वेला इचिकावा नावाचे शहर आहे, तिथल्या एका लहानशा धक्क्याला मी बांधलेली असते. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे आणि डोलकाठी थोडी डावीकडे कलली आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हसायला उशीर नको. जपानी होडीला मराठी कशी येते, ते पुढे कळेलच.

चाळीस वर्षांपूर्वी कुरोदा-सान, म्हणजे तुमच्या भाषेत कुरोदाजी, मला कारखान्यातून घेऊन आले. ते शाळेत शिकवत. त्यांच्या पत्नी फुमिको-सान यांना पोहता येत नव्हते, तरी सुकाणू धरायची हौस त्यांनाच जास्त. वर्षातला सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये येतो. तो दिवस ते दोघे पाण्यावर साजरा करत. भर पावसाळ्यातला दिवस तो, पण रिमझिम पावसाला ते भीक घालत नसत. डब्यात थंड शेवया असत. वारा पडला की ते शीड उतरवत आणि नुसते बसून राहत. सूर्य मावळल्याशिवाय मला परत आणत नसत. त्या दिवसांत माझा तोरा काय वर्णावा!

मग फुमिको-सान वारल्या. कुरोदा-साननी माझ्यावर ताडपत्री घातली आणि चार वर्षे ती काढलीच नाही. माझ्या तळाला शेवाळ धरले, दोर कुजले. मला त्यांचा राग आला होता. पण ते अधूनमधून यायचे, ताडपत्रीवर हात ठेवून उभे राहायचे आणि निघून जायचे. मग राग कुणावर धरायचा?

कुरोदा-सान दर शनिवारी परदेशी लोकांना जपानी भाषा शिकवत. तिथे त्यांना नचिकेत भेटला. तो पुण्याचा संगणक इंजिनियर, हिगाशी-कसाईला राहणारा. एक दिवस कुरोदा-सान त्याला माझ्याकडे घेऊन आले. त्याने माझा तळ खरवडला, नवे दोर बांधले आणि काम करताना सगळा वेळ स्वतःशी मराठीत बडबड केली. मी मराठी शिकले ती अशी. त्याच्या गाठी सुरुवातीला इतक्या वाईट होत्या की कुरोदा-सान हसून हसून खाली बसायचे. फुमिको-सान गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

त्या वर्षी मोठा दिवस रविवारी आला होता. त्या दिवशी आपण निघायचे असे दोघांचे ठरले. कुरोदा-सान त्र्याऐंशी वर्षांचे होते, एकट्याने शीड ओढणे त्यांना जमणार नव्हते. एक गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. मंगळवारी मुलगा त्यांना कायमचा क्योतोला नेणार होता. म्हणजे आमची ही शेवटचीच फेरी. नचिकेतला उगाच ओझे वाटू नये, म्हणून ते त्याच्यापाशी बोलले नाहीत.

शनिवारी दुपारी नचिकेत मला धूत असताना पुण्याहून त्याच्या आईचा, सुप्रभाताईंचा, व्हिडिओ कॉल आला.

"नचि, उद्या सूर्यग्रहण आहे. अमावास्या आहे. पाण्यात जायचं नाही."

"आई, आपण कधीपासून हे पाळायला लागलो?"

"तेजश्रीला सातवा लागलाय. मागच्या वेळी काय झालं, ते विसरलास का? तू तिकडे समुद्रावर आणि ती घरात जीव मुठीत धरून बसणार. एक दिवस पाळलंस तर काय बिघडणार आहे?"

मागच्या वेळी नचिकेत आणि त्याची बायको तेजश्री यांचे बाळ राहिले नव्हते. नचिकेतने हातातला ओला फडका पिळून माझ्या कडेवर टाकला. मग त्याने कुरोदा-सानना फोन लावला. ग्रहणाचे कारण सांगायची त्याला लाज वाटली असावी. तो म्हणाला, "ऑफिसचं अचानक काम आलंय, सेन्सेई. पुढच्या रविवारी नक्की जाऊ."

"दाइजोबु, दाइजोबु. काम आधी," पलीकडून आवाज आला. काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ, आणि सेन्सेई म्हणजे गुरुजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुरोदा-सान एकटेच आले. तोंडाला मास्क, डोक्यावर जुनी टोपी आणि हातात शेवयांचे तीन डबे, त्यातला एक फुमिको-सान यांच्या नावाचा. धक्क्यावरच्या कारकुनाला ते म्हणाले, "एखादे वेळेस काम लवकर आटपेल त्याचं." मग ते माझ्यात येऊन बसले. वारा सुरेख होता. मी दोराला हिसके देत होते, पण दोर सोडणार कोण? दुपारी त्यांनी एक डबा खाल्ला आणि उरलेले दोन सावलीत सरकवले. चार वाजून गेल्यावर ढगांतून सूर्य दिसला, तेव्हा त्याचा एक घास कुणीतरी घेतला होता. सहानंतर तो पुन्हा पूर्ण झाला. सातला मावळला. कुरोदा-साननी माझी ताडपत्री नीट बांधली, जाता जाता कारकुनाला क्योतोचे सांगितले आणि डबे घेऊन ते गेले. मला फार रडू आले, पण होडीच्या रडण्याचे पाणी कुणाला वेगळे दिसते?

पुढच्या रविवारी नचिकेत पोह्यांचा डबा घेऊन आला आणि तासभर वाट पाहत राहिला. शेवटी कारकुनानेच त्याला त्या रविवारी दिवसभर पाहिलेली वाट आणि मंगळवारी क्योतोला जाणे, सगळे सांगितले. ते ऐकून तो पोह्यांचा डबा न उघडताच परत घेऊन गेला. नंतर त्याने क्योतोला पुष्कळदा फोन केले. कुरोदा-सान दर वेळी आनंदाने बोलायचे, माझी चौकशी करायचे, पण त्या दिवसाबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. खरे कारण नचिकेतच्या ओठांवर यायचे आणि तिथेच थांबायचे.

सप्टेंबरमध्ये नेत्रा जन्मली, अगदी सुखरूप. डिसेंबरमध्ये क्योतोहून करड्या कडेचे पोस्टकार्ड आले. घरात मृत्यू झाला की इथे असे कार्ड पाठवतात. ते घेऊन नचिकेत माझ्याकडे आला आणि रिकाम्या बाकाकडे पाहत मराठीतच म्हणाला, "सेन्सेई, ऑफिसचं काम नव्हतं हो. ग्रहण होतं. मी घाबरलो होतो."

मित्रांनो, आता माझ्या तळाला तडा गेला आहे आणि पुढच्या महिन्यात मला कापायला नेणार आहेत. माझे काही मागणे नाही. वस्तू जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढेच सांगेन की ज्याला वाट पाहायला लावाल, त्याला खरे कारण सांगा, मग ते कितीही लाजिरवाणे असो. ग्रहण संध्याकाळी चारनंतर लागले होते. नचिकेतने नुसते ग्रहणाचे नाव जरी काढले असते, तरी कुरोदा-सान म्हणाले असते, "मग सकाळीच जाऊन येऊ या."