पाळीतला शेषनाग

पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर तोललेली आहे, हे बोडीटोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या शेषाची शेपटी गावतलावाच्या पाळीत गाडलेली आहे, हे मात्र २०१४ च्या मे महिन्यात कळलं. तेही कुदळीचा घाव बसल्यावर.

केशोरीच्या अलीकडे हे गाव. पावसाळ्याआधी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, साऱ्या गावाने मिळून दुरुस्त करायची, ही इथल्या तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांची जुनी रीत. पाळीतून निघेल ते तलावाचं, घरी न्यायचं नाही, हीही रीतच. त्यामुळे अंगठ्याएवढं जाड, काळं असं काहीतरी तुटून वर आलं, तेव्हा कोणी त्याला हात लावला नाही. हात लावायला कोहमाऱ्याहून फणीनाथ महाराज आले.

पाळीवर बांबूच्या ताट्यांचा अंधारा मांडव उभा राहिला. तुटकं टोक सोलत महाराज सांगत, "ये देखो, ऊपर काली कात. उसके नीचे चांदी के खवले. फिर पीले बाल. और ये," बोटावर चिकट लगदा घेऊन ते थांबत, "शेष की चरबी. जखम पे लगाओ, डॉक्टर को भूल जाओ." चरबीत रंगीत शिरा, शिरांत केसाएवढे तंतू. महाराज शंख फुंकत आणि तंतूंच्या टोकांना खसखशीएवढे तांबडे ठिपके उजळत. शेषाने डोळे उघडले म्हणून बाया हात जोडत. डोळे दोनाहून बरेच जास्त होते, पण फणेही हजार असतात. हिशेब जुळत होता.

चंद्रकांता गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने हे हसण्यावारी नेलं असतं. पण ती चरबी तिच्या सासऱ्याच्या, केवळरामच्या, डाव्या पायावर होती. केवळरामला शुगर. करंगळीजवळची जखम काळी पडत चालली होती आणि तो रोज तिच्यावर नवा थर चढवत होता.

"मामाजी, गोंदियाला चला. पाय जाईल."

"बरा होऊन रायला. दुखत बी नाई आता."

"दुखत नाही, तेच वाईट आहे."

"तुमच्या डॉक्टरचं बरं हाये. दुखलं तरी चला, नाई दुखलं तरी चला."

ती सरपंच मनोहरलालकडे गेली. ही शेपटी नाही, पंचायतीत इंटरनेट आणायची केबल आहे; ठेकेदाराच्या माणसांना पाळीची माती मऊ लागली म्हणून त्यांनी तिथूनच ओढली, हे तिने समजावून सांगितलं. सरपंचाने सगळं ऐकून घेतलं.

"केबल असन बी, मॅडम. पण शेष केबलमधी येऊ शकत नाई, असं काई हाये का?"

हा प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता. चंद्रकांता घरी आली आणि तिने कुणावर तरी काढायचा म्हणून सगळा राग भांड्यांवर काढला.

मग ती रोज मांडवात जाऊन बसू लागली. तिच्या एक ध्यानात आलं. मंत्र कितीही म्हणा, शेष झोपलेलाच; शंख वाजला की जागा. एका संध्याकाळी महाराज चहाला उठले, तेव्हा तिने शंख उचलून फुंकला. आवाज म्हशीच्या वगारीच्या रेकण्यासारखा निघाला. बाईमाणसाने शंख फुंकला म्हणून मांडवात कुजबुज झाली, आणि तेवढ्यात ठिपके उजळले.

"मास्तरीणबाईसाठी बी उठला," हात जोडून बसलेली सुमित्राबाई म्हणाली.

"मग चला, उठवतो कोण ते पाहू," चंद्रकांता म्हणाली.

केबलच्या चरीवरून माणसं निघाली. चर रस्त्याकडेला महाराजांसाठी उभारलेल्या झोपडीमागे जाऊन केबल जोडायच्या एका सिमेंटच्या खड्ड्यापाशी थांबली. खड्ड्यात महाराजांचा चेला टेकचंद बसला होता. एका हातात केबलचं कापलेलं दुसरं टोक, दुसऱ्या हातात मंडईच्या जत्रेत मिळतो तसला लेझर. शंख ऐकला की इथून काचेच्या तंतूत सोडलेला उजेड तिकडे पाळीवर निघत होता.

"महाराज, बंद करू का?" वर न पाहता टेकचंदने विचारलं.

महाराजांना कोणीतरी मोटारसायकलवरून कोहमाऱ्याकडे जाताना पाहिलं. गाव हसलं, चिडलं, थोडं लाजलंही. आणि केवळराम म्हणाला, "पण चरबी तर खरी हाये ना?"

चंद्रकांताला क्षणभर खड्ड्यात टेकचंदशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. पाळीवर परतल्यावर तिने सोललेलं टोक सासऱ्याच्या हातात दिलं.

"मामाजी, पाळीच्या अंगाला दगड कायले लावता?"

"लाटेनं माती जाऊ नये म्हून."

"आणि पोटात काळी चिकणमाती?"

"पाणी झिरपू नये म्हून. कोहळ्याले हे विचारतेस?"

"ही पण पाळच आहे. आत काच, तिच्यातून उजेड जातो. ओढ बसून काच तुटू नये म्हणून पिवळा दोरा. उंदराने कुरतडू नये म्हणून पोलादाची पट्टी, वरून काळं प्लास्टिक. आणि पाणी झिरपू नये म्हणून हा लगदा. कारखान्यात पिंपं भरून बनवतात. पाळीतली काळी माती जखमेवर लावाल का?"

केवळरामने लगदा दोन बोटांत चोळला, पाळीची माती पारखतात तसा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब घरंगळून गेला.

"माल चांगला हाये," तो म्हणाला. मग त्याने पायावरचा थर कापडाने पुसायला घेतला. "मंग पायाले कायले लावला मी?"

"विचारलं नाही म्हणून," चंद्रकांता म्हणाली, आणि मागे उभ्या गर्दीकडे वळली. "तुम्हीही नाही विचारलं. यापुढे चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी त्याचं दुसरं टोक कुठे आहे ते पाहा. एवढं केलं तरी पुरे. आता जीप कोणाची आहे?"

गोंदियाला केवळरामची करंगळी काढावी लागली. पाय राहिला. परत आल्यावर चंद्रकांता तुटलेल्या केबलची तक्रार द्यायला पंचायतीत गेली, तर सचिव म्हणाला, घाई नाही. पंचायतीतली इंटरनेटची मशीन अजून बसलेलीच नव्हती. त्या काचेतून आजवर टेकचंदच्या लेझरशिवाय दुसरं काहीच गेलं नव्हतं.