नीलाबाई समुद्रात उतरतात

"अम्मा, गले का निकालो."

प्रशिक्षकाने पुन्हा बजावलं. अंदमानच्या त्या किनाऱ्यावरचे बाकीचे प्रवासी तोंडात नळ्या धरून प्रवाळ बघायला केव्हाच पाण्यात उतरले होते. नीलाबाई मात्र नारिंगी जाकीट घालून, गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरून उभ्या होत्या. डबीत त्यांचं इष्टलिंग होतं. लहानपणी स्वामींनी गळ्यात बांधलेलं. ते देहाबरोबरच जायचं.

"ये नै निकलता बेटा. मरे तो बी नै," त्या मुखेडच्या बाजारातल्या हिंदीत म्हणाल्या.

"डोरी मूंगे में अटककर टूट गई तो? समुंदर से कौन लाएगा? ऐसे नहीं ले जाऊंगा."

मागे कोरड्या वाळूत त्यांचे यजमान महादेवप्पा चपला हातात घेऊन उभे होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आपल्यामुळेच, असं त्यांना वाटत होतं. दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीत त्यांना एकदा प्रवाळाचं रंगीत चित्र सापडलं आणि त्यांनी ते गल्ल्याशेजारी चिकटवलं, एवढंच. गिऱ्हाईक नीलाबाईच बघायच्या. हे आपले मागे पोत्यावर बसून वाचत. चित्राबद्दल ते कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते. पण त्यांची नजर कुठे जाते ते नीलाबाईंनी हेरलं आणि एक दिवस सहलीत दोघांची नावं घालून आल्या. आता इथवर येऊन महादेवप्पांचे पायच उचलत नव्हते. पाण्याची त्यांना जन्माची धास्ती.

"ऱ्हाऊ दे गं. इथूनच बघू," ते पुटपुटले.

"इथून काय दिसतंय, वाळू? तुमचं चित्र बघायला आलोत की न्हाई आपण? मी बघून सांगते तुम्हाला. रुमाल द्या इकडं."

भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकताना आई लिंग दंडाला बांधायची, हे नीलाबाईंना आठवलं होतं. अंगावरून उतरलं नाही म्हणजे झालं. महादेवप्पांनी डबी रुमालात गुंडाळून त्यांच्या दंडाला गाठ मारली, वरून पोहण्याच्या कपड्याची घट्ट बाही ओढली. प्रशिक्षकाने चाचपून पाहिलं आणि मान डोलावली.

"आन् ह्यो आमचा भोपळाच की!" जाकिटावर थाप मारून नीलाबाई पाण्यात शिरल्या. मागे वळूनही पाहिलं नाही. महादेवप्पा बघतच राहिले. कुठून आणलं हिने हे बळ?

बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, दंडाला हात लावला आणि थिजल्या.

"आवो! रुमाल न्हाई!"

चपला वाळूत पडल्या. महादेवप्पा कसे पोहोचले ते त्यांनाच कळलं नाही. त्यांनी बाहीवरून हात फिरवत खाली आणला. कोपराशी काहीतरी कडक लागलं.

"हाय गं, हाय! खाली सरकलंय."

नीलाबाईंनी डोळे मिटून, कोपर उचलून बाहीसकट डबी कपाळाला लावली. मग हसल्या. "जन्मात एक पुडी धड बांधली न्हाई तुम्ही."

तेव्हा कुठे महादेवप्पांनी खाली पाहिलं. पाणी कमरेच्या वर होतं.

"आता आलातच तर तोंड बुडवा," म्हणत त्यांनी आपला पाण्यात बघायचा चष्मा काढून नवऱ्याच्या डोळ्यांवर चढवला.

सदऱ्याआडचं, गळ्यातलं स्वतःचं इष्टलिंग मुठीत घट्ट धरून महादेवप्पांनी तोंड पाण्यात घातलं. प्रवाळ पार तिकडे, खोलात होतं. इथे नुसती पांढरी वाळू, आणि तिच्यावर रोवलेली नीलाबाईंची पावलं. आयुष्यभर दुकानात उभं राहून भेगाळलेल्या टाचा. त्या भेगांशी निळे चिमुकले मासे घुटमळत होते.

श्वास संपला तसं त्यांनी डोकं वर काढलं.

"दिसलं का काही?"

महादेवप्पांनी छातीभर हवा घेतली आणि पुन्हा खाली वाकले.