रत्नमालाची बांधी

"वहिनी, पाणी कायले सोडून राहिल्या? लोक हासून राहिले ना!" शेताच्या धुऱ्यावरून धनीराम ओरडला.

रत्नमालानं फावडं थांबवलं नाही. "थोडं सुकू देऊन राहिली, भाऊजी. पाइपात पाणी वीतभर खाली गेलं का पुन्हा भरीन."

"धानाले काय वारा पाजता?" धाकटा दीर तणतणत निघून गेला.

करडी गावात दीड एकराची ही धानाची बांधी रत्नमाला एकटीच कसत होती. नवरा तेजराम गवंडी. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दुपारच्या उन्हात स्लॅबचं काम करताना तो कोसळला तो उठलाच नाही. तेव्हापासून उन्हाळा आला की ती दार लावून बसायची.

मग यंदा जूनमध्ये तालुक्याला एक शिबिर झालं. तिथला माणूस सांगत होता, धानात पाणी साचून राहिलं की चिखलातून वायू निघतो, त्यानं हवा तापते. भोकं पाडलेला पाइप मातीत गाडा, पाणी खाली जाऊ द्या, मग भरा. रत्नमाला हात वर करून उभी राहिली.

"म्हणजे ऊन कमी होईन?"

त्या माणसानं मान हलवली. "तुमच्या एका बांधीनं नाही होणार, बाई."

"मालूम आहे," ती म्हणाली आणि पाइप मागून घेतला.

पाणी उतरलं तसं तण माजलं. निंदायला बाया बोलावल्या, तर त्यांच्यातल्या आनंदाबाईनं स्पष्टच सांगितलं, "पाणी ठेवलं असतं तं तण आलं नसतं. आपल्या हातानं वाढवलं, आता तूच काढ." रत्नमालानं सतरा दिवस एकटीनं निंदण केलं. दुपारी धुऱ्यावर बसून भाकर खाताना बोलायला कोणी नसे. कधीकधी ती धानाशीच बोले. फुलोरा आला तेव्हा मात्र तिनं शिबिरात सांगितल्याप्रमाणे बांधीतलं पाणी उतरू दिलं नाही.

कापणी झाली. पोती गेल्या वर्षीएवढीच भरली, पाण्याच्या चार पाळ्या कमी लागल्या. धनीराम ढिगाकडे बघत उभा राहिला आणि पोती मोजून निघून गेला. पाइपाच्या योजनेत नाव नोंदवायला तिनं शिबिरवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, गावातून निदान वीस शेतकरी लागतात, एकाची नोंद घेत नाहीत.

वीस माणसं एका जागी ग्रामसभेतच भेटणार होती. सव्वीस जानेवारीला ती नवी साडी नेसून गेली. रस्ता, नळ, घरकुल, सगळे विषय झाले. शेवटी तिनं हात वर केला.

"बोला, पण लवकर," सरपंच घड्याळ बघत म्हणाले.

ती उभी राहीपर्यंत बाहेर बुंदी वाटायला सुरुवात झाली होती. माणसं उठली. धनीरामही उठला. सरपंच फोन कानाला लावून ओसरीत गेले. शिपाई परसराम सतरंज्या गुंडाळत तिच्यापर्यंत आला. शेवटची सतरंजी तिच्या पायाखाली होती.

"मी सरकू का, भाऊ?" तिनं विचारलं.

परसरामनं रिकाम्या सभागृहाकडे पाहिलं. हातातलं टोक सोडलं आणि तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"बोला ना बाई, मी आहो."

रत्नमालानं पदर सारखा केला. घसा खाकरला.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी रत्नमाला तेजराम. धानाले सारखं पाणी लागते असं आपण समजतो..."