पेंढ्यातली अंडी

लढाईच्या सालातला उन्हाळा. भोरचं आनंदराव शेतकी शिकून आल्यालं. हिर्डोशीला आमच्या दारात उभं ऱ्हाऊन म्हनलं, "रखमाजी, भाताच्या पेंढ्यावर अळंबी पिकते. छत्र्या येतील छत्र्या!" आन् एक बाटली दिली. म्हनं बी. म्या उजेडाला धरली, तर आत नुसता पांढरा बुरसा.

"बी कुठाय?"

"हेच बी."

आता बुरसा पेरायचा म्हंजी! पर शिकल्याल्या मानसाला किती डाव इचारायचं? गोठ्यात पेंढा भिजवून थरावर थर रचला, मधी बुरसा घातला. आमची फुलाबाई कमरंवर हात ठिऊन उभी.

"बैलाच्या तोंडचा घास कुजवताय. न्हाई उगवलं तर पावसाळ्यापोतर बैल काय खाईल? तुमचं मुंडासं?"

बाराव्या दिशी ती गोठ्यातनं वरडतच आली. "अवो, साप! सापानं अंडी घातल्याती!"

बघतो तर खरंच. पेंढ्यात करडी अंडी, बोराएवढी. छत्री एक बी न्हाई. शेजारचा कोंडिबा सापातला जानकार. त्यो लांबनंच म्हनला, "धामनीची." मंग काय, टोपलंभर अंडी फावड्यानं उकिरड्यावर. ऱ्हायल्यालं एक इळ्यानं चिरलं, तर आत इवलीशी मिटल्याली छत्री!

"सापाच्या पोटी छत्री?" कोंडिबानं कानाला हात लावलं. "कलियुग!"

सांजच्याला आनंदराव आलं. उकिरडा बघून डोकं धरून बसलं. "अहो, तीच अळंबी! छत्री उघडायच्या आत खुडायची असते."

"तुमी तर म्हनला छत्र्या येतील."

"येतात. पण येऊ द्यायच्या नाहीत."

येऊ द्यायच्या न्हाईत तर पेरायच्या कशाला? डोस्कंच चालंना.

आठ दिसांनी त्याच पेंढ्याला परत अंडी आली. फुलाबाईनं खुडली, तेल-मिठावर परतली, भाकरीसंगं माझ्या म्होरं ठिवली. सोताच्या ताटात नुसती चटनी.

"तू न्हाई घेत?"

"आदी तुमी."

म्हंजी मान दिला का परीक्षा घेतीया, काय कळंना. घास घातला. मटनावानी लागला. न्हाई, तसा बी न्हाई. ती टक लावून बघतीया. चव कशी ते इचारलंच न्हाई.

"डोळ्याम्होरं अंधारी न्हाई ना येत?"

"न्हाई."

"मंग सपवा. पेंढा तर गेलाच. उद्या वरंध्याच्या वाटंवरनं बैलाला वाळक्या गवताचा भारा तुमालाच आनायचाय."