चुब्रित्सा गप्प होतं

डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं त्याच आठवड्यात साहेबांचा हुकूम निघाला. यादीत ज्या ज्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम मुदत संपलेली दिसेल, ते ते मशीन गुरुवारी दुपारी बाराला बंद. जुन्या सिस्टीमला दुरुस्त्या मिळत नाहीत, चोर तिथूनच शिरतो, हे साहेबांचं म्हणणं खरं होतं. खोटी होती ती यादी.

आमच्या नगरपालिकेच्या तळघरात सहा सर्व्हर आहेत आणि त्या सहांच्या पोटात एकशे त्रेसष्ट मशीनं नांदतात. त्यांना अंग नाही, पत्रा नाही, पंखा नाही. पण प्रत्येकाला नाव आहे आणि काम आहे. कुणी बसचं वेळापत्रक सांभाळतं, कुणी बालवाड्यांतली पोरं मोजतं. नावं ठेवली मेतोदीकाकांनी, माझ्या आधी ते इथे होते. सगळी पाल्याफुलांची नावं: मश्तेर्का, लिपा, रिगान, चुब्रित्सा.

यादीत नावापुढे सिस्टीमचं व्हर्जन असतं. ते लिहिलेलं असतं मशीन जन्मलं त्या दिवशी, हातानं. पुढे मशीन आतल्या आत नवं झालं तरी यादीत तेच. जन्मल्या दिवशीचं वजन माणसाला म्हातारपणापर्यंत चिकटवून ठेवावं, तसं.

मी ठरवलं, यादीला विचारायचं नाही. मशीनला विचारायचं.

मश्तेर्काला विचारलं, मश्तेर्कानं सांगितलं. लिपाला विचारलं, लिपानं सांगितलं. बहुतेक मशीनांत एक छोटा निरोप्या प्रोग्राम बसवलेला असतो. हाक मारली की तो आतून उत्तर देतो. सोमवारी एकशे एक्केचाळीस उत्तरं आली. बावीस मशीनं गप्प राहिली. मंगळवारी आणि बुधवारी मी त्या बावीसांच्या मागे लागले. जेवण टेबलावरच, दह्याची वाटी आणि पाव. बुधवारी संध्याकाळी एकच उरलं.

चुब्रित्सा. मालक: रिकामं. काम: रिकामं. व्हर्जन: अकरा वर्षांपूर्वीचं. पासवर्ड कुठेच नाही.

"मग झालं तर," कालिनसाहेब म्हणाले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मनगटावर मार्चमध्ये वसंताच्या स्वागताला बांधतात तो लाल-पांढरा दोरा, चेहऱ्यावर नेहमीची घाई. "बंद करू. कोण ओरडतं ते बघू. पंधरा दिवस कोणी ओरडलं नाही, तर पुसून टाकू."

"साहेब, दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे तीन निरोप येतात. डोंगराच्या बाजूनं."

"कोणाचे?"

"तेच शोधतेय."

"नेव्यानाताई, तुम्ही मशीनं मोजताय की सोयरीक जुळवताय?" ते हसले. "बारा म्हणजे बारा."

गुरुवारी पहिल्या बसनं मी मेतोदीकाकांच्या गावी गेले. काका मधमाश्यांच्या पेट्यांपाशी वाकलेले होते. मला बघून त्यांनी जाळीची टोपीसुद्धा काढली नाही.

"चार वर्षांत पहिल्यांदा आलीस. म्हणजे काहीतरी मोडलंय."

"मोडलं नाही. मोडायच्या बेतात आहे. चुब्रित्सा काय करतं, काका?"

टोपी निघाली. "कोण बंद करतंय ते?"

"यादी."

"यादीच्या आईला..." ते थांबले, पेटीवर बसले. "बेलिच्का ओढ्यात, वर, तीन तरंगते गोळे सोडलेत मी. मागे मोठा पूर आला होता, त्यानंतर. पाणी चढलं की गोळे चढतात, चुब्रित्साला कळतं, आणि ते खालच्या माहाल्यात, ओढ्याकाठच्या वस्तीत, स्तोयांकाच्या घरी फोन करतं. स्तोयांका मग दारोदार जाते. ऐंशी घरं आहेत तिथे."

"आणि फोन कधी वाजलाय?"

"एकदा. सहा वर्षांपूर्वी. पाणी आलं तेव्हा माहाल्यात एक मांजर होतं फक्त."

मी खाली ओढ्याकडे बघितलं. एरवी दिसणारे दगड पाण्याखाली गेले होते.

"काका, आज ते बंद केलं तर कोण ओरडेल?"

"कोणी नाही. त्याचं कामच गप्प राहायचं. पाणी येईल त्या दिवशी ओरडतील."

"आणि यादीत अकरा वर्षांपूर्वीचं व्हर्जन का?"

काका कधी नव्हे ते ओशाळले. "दोनदा नवं केलं मी त्याला, निवृत्तीच्या आधी शेवटचं. यादीत लिहायचं राहिलं. निरोप्याही बसवला नाही, म्हटलं मला तर माहीत आहे." त्यांनी खिशातला कागद काढून पासवर्ड लिहिला. "माहीत असलेला माणूस मधमाश्या राखायला निघून जातो, हे डोक्यात नाही आलं."

बाराला वीस मिनिटं कमी असताना मी तळघरात शिरले. साहेबांसमोर पडद्यावर बंद करायच्या मशीनांची रांग उघडी होती. मी कोट न काढता चुब्रित्सात शिरले आणि विचारलं, तू कुठल्या व्हर्जनवर आहेस?

त्यानं सांगितलं. मुदत संपायला अजून दोन वर्षं होती.

साहेबांनी वाकून वाचलं. मी त्यांना ओढ्याचं, गोळ्यांचं, ऐंशी घरांचं सांगितलं. ते पडद्यावरच्या रांगेकडे वळले. मग म्हणाले, "ठीक. हे एक काढतो रांगेतून. एक मशीन चुकलं म्हणजे यादी चुकली असं नाही."

"अडतीस चुकलीत. एकतीस यादीत जुनी आणि खरी नवी. सात यादीत नवी आणि खरी जुनी. ती सात तुमच्या रांगेत नाहीतच साहेब. चोराला दार उघडं आहे ते तिथे."

मी कागद पुढे केला. त्यांनी सात नावं वाचली, चौथ्यावर थबकले. ते त्यांनी स्वतः बनवलं होतं, मागच्या वर्षी, एका जुन्याची नक्कल करून. कान लाल झाले.

"हे मी नवं म्हणून लिहिलं होतं."

"सगळेच लिहितात."

"मग काय करायचं म्हणता?"

"व्हर्जनच्या रकान्यात माणसाचा हात बंद. मशीन सांगेल तेच तिथे उमटेल. जे सांगणार नाही त्याच्यापुढे 'माहीत नाही'. आणि 'माहीत नाही'वाल्याला कोणी हात लावायचा नाही, कोणीतरी उठून त्याच्या दारी जाऊन येईपर्यंत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला दोन मिनिटं. त्यांनी रांग बंद केली, मशीनं नाही. "त्या सातांपासून सुरुवात करू," ते म्हणाले. "चौथं आधी."

रकाना मी तिथेच कुलूपबंद केला. चुब्रित्सात निरोप्या बसवला. आता ते इतरांसारखं उत्तर देईल. पण तेवढ्यानं माझं मन भरेना. काकांनी आत फोनची चाचणी ठेवली होती. ती दाबली.

दोन घंट्या. मग बाईचा धापा टाकणारा आवाज: "पाणी आलं? किती वेळ आहे? मी निघाले, मी निघाले!"

"नाही, स्तोयांकाताई, नाही. मी नगरपालिकेतून नेव्याना. फोन लागतो का ते बघत होते."

मग शिव्यांची एक लांबलचक माळ, माझ्या सात पिढ्यांना पुरेल एवढी. ती संपल्यावर बाई हळूच म्हणाली, "लागतो, पोरी. बर्फ जाईपर्यंत रोज लावत जा. फक्त आधी म्हण, चाचणी आहे."

"म्हणेन," मी म्हणाले, आणि उद्या सकाळी नऊची वेळ लिहून घेतली.